पोटमाळ्यावरचे बिऱ्हाड

या प्राण्याला मराठीत नाव नाही. तो आपल्याकडचा नाही, त्यामुळे नाव पडण्याचे कारणच नव्हते. इंग्रजीतला ‘रॅकून’ हाच शब्द आपण देवनागरीत लिहितो. मांजराहून मोठा, धष्टपुष्ट झाला तर दहा किलोपर्यंत जाणारा, डोळ्यांवरून काळा पट्टा गेलेला, शेपटीवर काळी वळी असलेला हा निशाचर मूळचा उत्तर आणि मध्य अमेरिकेचा. इंग्रजीतला शब्दही इंग्रजांचा नव्हे. १६०७ साली व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर जेम्सटाउनची वसाहत उभी राहिली, तेव्हा तिथल्या पोव्हाटन लोकांच्या तोंडी हा शब्द होता. कॅप्टन जॉन स्मिथने तो जसा ऐकू आला तसा लिहून ठेवला. ‘हातांनी चोळणारा, खरवडणारा’ असा त्याचा अर्थ सांगतात. मेक्सिकोतल्या नाहुआट्ल भाषेत त्याला ‘सगळे हातात घेणारा’ म्हणत. स्पॅनिशमधला ‘मापाचे’ त्यातूनच आला. लिनियसने १७५८ साली त्याला अस्वलांच्या वंशात घातले आणि ‘लोटोर’ म्हणजे धुणारा हे विशेषण जोडले. जर्मन त्याला ‘वाशबेअर’ म्हणतात, जपानी ‘अराइगुमा’. दोन्हींचा अर्थ धुणारे अस्वल.

तीन खंडांत विखुरलेल्या भाषांनी एकाच गोष्टीवर बोट ठेवले आहे, ते म्हणजे याच्या हातांवर. पाच सुटी बोटे असलेला त्याचा पुढचा पंजा हेच त्याचे मुख्य ज्ञानेंद्रिय आहे. पाळलेला रॅकून खाणे पाण्यात बुचकळतो ते स्वच्छतेसाठी नव्हे. ओल्या तळव्याची स्पर्शशक्ती वाढते आणि हातात काय आले आहे हे त्याला नीट कळते. मागचे पाय घोट्यातून उलटे वळतात, म्हणून झाडावरून तो डोके खाली करून उतरू शकतो. हात आणि घोटा या दोन गोष्टी लक्षात ठेवल्या तर पुढचा बराचसा इतिहास उलगडतो.

टोरांटोत राहणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हा इतिहास ग्रंथालयात भेटण्याआधी वळचणीत भेटतो. ‘वळचणीचे पाणी आढ्याला’ ही म्हण आपण उलट्या व्यवहाराबद्दल वापरतो. इथे ती अक्षरशः खरी होते. वळचणीच्या फळीतून आत शिरलेला प्राणी आढ्याखाली संसार मांडतो. त्याला तिथून काढायचे कसे, हा या शहरात दर वसंतात हजारो घरांना पडणारा प्रश्न. त्याचे सर्वांना सुचणारे उत्तर एकच असते: पकडा आणि कुठेतरी लांब नेऊन सोडा. या लेखात मला याच उत्तराचा इतिहास तपासायचा आहे. गेल्या नव्वद वर्षांत माणसाने रॅकूनला वारंवार उचलून दुसरीकडे नेले, कधी हौसेने, कधी फायद्यासाठी, कधी नकोसा झाला म्हणून. त्या प्रत्येक प्रवासाचा हिशेब आज कुणी ना कुणी चुकवतो आहे.

झाडाची ढोली ते घराचे छप्पर

रॅकूनची मादी वसंतात विते. गर्भधारणा साधारण ६३ दिवसांची, एका वेळी तीन ते पाच पिल्ले. पिल्ले जन्मतः आंधळी असतात, डोळे उघडायला सुमारे तीन आठवडे लागतात. नर या संसारात भाग घेत नाही. एकट्या आईला हवी असते उंचावरची, कोरडी, अंधारी आणि तोंड अरुंद असलेली जागा. जंगलात ती जुन्या झाडाच्या ढोलीत मिळते. ढोली पडायला झाड म्हातारे असावे लागते. एकोणिसाव्या शतकात दक्षिण ऑन्टारिओतले जंगल शेतीसाठी तोडले गेले तेव्हा आधी गेली ती हीच म्हातारी झाडे. त्याच काळात लांडगे आणि इतर मोठे शिकारी प्राणीही या पट्ट्यातून हटले. ढोल्या गेल्या, पण शत्रूही गेले.

त्या जागी जी घरे आली, ती रॅकूनच्या नजरेने पाहावीत. लाकडी सांगाड्यावर उतरते छप्पर, वर डांबरी शिंगल्स, छताच्या वर माणूस वर्षातून एकदाही न डोकावणारा पोटमाळा आणि त्यात थंडी अडवण्यासाठी पसरलेला मऊ ग्लासवूलचा थर. हिवाळ्यात खालच्या घराची ऊब वर येते. आपल्या कोकणातल्या किंवा देशावरच्या माळ्यावर भाताच्या कणग्या, सरपण, पितळी भांडी असतात आणि घरातले कुणी ना कुणी शिडी लावून चढत असते. उत्तर अमेरिकेतला पोटमाळा मात्र बहुधा रिकामा आणि निर्मनुष्य असतो. कोळशाची शेगडी जाऊन गॅसची भट्टी आली तसे जुने धुराडेही थंड पडले. वरून उघडी, विटांनी बांधलेली, धूर नसलेली ही उभी पोकळी म्हणजे ढोलीची हुबेहूब नक्कल.

टोरांटोच्या बाबतीत आणखी एक कारण घडले, आणि ते वादळाने घडवले. शहराच्या पोटातून डॉन, हंबर, रूज अशा नद्यांच्या आणि ओढ्यांच्या खोल दऱ्या गेल्या आहेत. १९५४च्या ऑक्टोबरात हेझल नावाचे चक्रीवादळ आले, नद्यांना रात्रीत पूर आला आणि ऑन्टारिओत ८१ माणसे मेली. हंबरकाठची घरे माणसांसकट वाहून गेली. त्यानंतर पूरपट्ट्यात घरे बांधायला मनाई झाली, दऱ्यांतल्या जमिनी सार्वजनिक ताब्यात घेतल्या गेल्या आणि १९५७ साली त्यांच्या देखरेखीसाठी महानगराचे संवर्धन प्राधिकरण स्थापन झाले. आज या दऱ्यांचे क्षेत्र सुमारे ११ हजार हेक्टर, म्हणजे शहराच्या भूमीच्या १७ टक्के आहे. माणसांच्या सुरक्षिततेसाठी राखलेली ही झाडी रॅकूनच्या दृष्टीने शहरभर पसरलेला हमरस्ता ठरली. दरीत पाणी आणि झाडे, दरीच्या काठावर घरे, घरांच्या मागे कचऱ्याचे डबे. असा शेजार त्याला दुसरीकडे क्वचितच मिळाला असेल.

कातडे आणि कौतुक

रॅकून प्रवासाला निघाला तो त्याच्या कातड्यामुळे. १९२०च्या दशकात अमेरिकी महाविद्यालयीन तरुणांत रॅकूनच्या केसाळ कातड्याचे लांब कोट मिरवण्याची फॅशन होती. १९५५च्या सुमारास डिस्नेच्या दूरचित्रवाणी मालिकेमुळे डेव्ही क्रॉकेटची शेपटीवाली टोपी लहान मुलांत पसरली. या दोन लाटांच्या मधल्या काळात रॅकूनची शेती हा धंदा अमेरिकेबाहेरही गेला.

कातड्याइतकेच त्याचे कौतुकही झाले. १९२६च्या नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष कॅल्व्हिन कूलिज यांना मिसिसिपीतून जिवंत रॅकून भेट आला, थँक्सगिव्हिंगच्या जेवणासाठी. कूलिज कुटुंबाने तिला कापले नाही. तिचे नाव रिबेका ठेवले, गळ्यात पट्टा बांधला, आणि राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी ग्रेस तिला व्हाइट हाउसच्या हिरवळीवर फिरवू लागल्या. कूलिज यांची कारकीर्द संपली तेव्हा तिची रवानगी वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात झाली. ताटातला पदार्थ, घरातले लेकरू आणि शेवटी पिंजऱ्यातला प्राणी, असे तीन मुक्काम तिने काही वर्षांत पाहिले.

त्याच सुमारास मानसशास्त्रज्ञही त्याच्याकडे वळले होते. १९०७ साली एच. बी. डेव्हिस यांनी बारा रॅकूनांना तेरा प्रकारची कुलपे आणि अडसर घातलेल्या पेट्या दिल्या. त्यांनी अकरा उघडल्या, आणि त्यातल्या बहुतेक दहाहून कमी प्रयत्नांत. १९१३ साली वॉल्टर हंटर यांनी शिकागोत उंदीर, कुत्रे, रॅकून आणि लहान मुले यांच्या स्मरणाची तुलना केली. खाणे कुठल्या दारामागे आहे हे दिव्याने दाखवायचे, दिवा मालवायचा, थोडे थांबवायचे आणि मग सोडायचे. कुत्रा त्या दिशेला अंग रोखून धरी आणि सरळ जाई. रॅकून मध्येच इकडेतिकडे वळूनही योग्य दार गाठी. एवढे होऊनही पुढच्या काळात प्रयोगशाळा पांढऱ्या उंदराच्या ताब्यात गेल्या. उंदीर लहान, स्वस्त आणि पिंजऱ्यात मुकाट राहणारा. रॅकून सांभाळायला जड आणि निसटण्यात पटाईत. जी गोष्ट त्याला प्रयोगशाळेत नकोसा करून गेली, तीच त्याला शहरात उपयोगी पडली.

एडरझेचा काठ, १९३४

जर्मनीतली तारीख नेमकी माहीत आहे: १२ एप्रिल १९३४. हेसे प्रांतात एडरझे नावाचा धरणाचा मोठा जलाशय आहे. तिथले वनाधिकारी व्हिल्हेल्म सिटिश फ्रायहेर फॉन बेरलेप्श यांनी त्या दिवशी त्याच्या काठच्या जंगलात रॅकूनच्या दोन जोड्या सोडल्या. प्राणी एका पशुपालकाचे होते. हेतू सांगितला गेला तो आपल्या वनसृष्टीत भर घालण्याचा. वरिष्ठ शिकार खात्याची परवानगी यायची होती, ती दोन आठवड्यांनी आली. पुढे या घटनेला हेर्मान ग्योरिंगच्या हुकमाची कथा चिकटली आणि ब्रिटिश वृत्तपत्रांना ‘नाझी रॅकून’ असे मथळे मिळाले. त्या कथेला कागदोपत्री आधार नाही. घडले ते फार साधे होते: एक हौशी अधिकारी, चार प्राणी आणि मागाहून आलेला होकार.

दुसरी तुकडी सुटली ती युद्धात. १९४५ साली बर्लिनच्या पूर्वेला, स्ट्राउसबेर्ग गावाजवळच्या एका फरच्या शेतावर बॉम्ब पडला आणि दोनेक डझन रॅकून पळाले. आजही जर्मनीतल्या रॅकूनांचे हे दोन मूळ गट अभ्यासकांना वेगळे ओळखता येतात.

एडरझेपासून जवळचे मोठे शहर कासेल. ग्रिम बंधूंनी आपल्या परीकथा जिथे बसून गोळा केल्या ते हेच. १९४३च्या ऑक्टोबरातल्या एका रात्रीच्या बॉम्बफेकीत या शहराचा जुना गाभा जळून गेला. युद्धानंतर ते पुन्हा उभे राहिले, भोवतालच्या टेकड्या आणि झाडी राखून. १९६०च्या दशकात तिथे रॅकून दिसू लागले. आज कासेलला युरोपातली रॅकूनांची राजधानी म्हणतात, आणि शहराच्या काही भागांत दर चौरस किलोमीटरमागे शंभराच्या आसपास रॅकून असल्याचा अंदाज आहे. तिथल्या घरमालकांनी पावसाच्या पाण्याच्या पाइपांभोवती गुळगुळीत पत्रा गुंडाळायला सुरुवात केली, कारण उलट्या घोट्याच्या या प्राण्याला पाइप म्हणजे झाडाचे खोडच. संपूर्ण जर्मनीत गेल्या काही वर्षांत दर हंगामाला दोन लाखांहून अधिक रॅकून शिकारीत मारले गेल्याची नोंद होते, आणि तरी संख्या उतरलेली नाही. २०१६ साली युरोपीय संघाने परक्या उपद्रवी जातींची पहिली यादी केली, तीत रॅकून आहे. चार प्राण्यांची ही नव्वद वर्षांची वंशावळ.

रास्कल आणि मंदिराचे खांब

जपानची गोष्ट एका पुस्तकातून सुरू होते. अमेरिकी लेखक स्टर्लिंग नॉर्थ यांनी १९६३ साली आपल्या बालपणावर ‘रास्कल’ नावाचे पुस्तक लिहिले. १९१८च्या सुमाराचे विस्कॉन्सिन, आईविना वाढणारा मुलगा आणि त्याने पाळलेले रॅकूनचे पिल्लू. १९७७ साली निप्पॉन ॲनिमेशनने त्याची ५२ भागांची मालिका केली आणि ती दर आठवड्याला जपानभर पाहिली गेली. मुलांना रास्कल हवा झाला. व्यापाऱ्यांनी आयात सुरू केली, आणि भराच्या काळात वर्षाला दीड हजारांच्या घरात रॅकून जपानात येत होते.

रॅकूनचे पिल्लू गोजिरवाणे असते ते वर्षभर. मोठा झाल्यावर तो चावतो, कपाटे उघडतो, रात्रभर जागतो. पुस्तकातला मुलगाही अखेरीस आपल्या मित्राला जंगलात नेऊन सोडतो. हजारो जपानी घरांनी त्या शेवटाचे अनुकरण केले. फरक इतकाच की विस्कॉन्सिनच्या जंगलात तो प्राणी मूळचा होता.

जपानातल्या जुन्या मंदिरांच्या लाकडी छपराखाली मोठ्या पोकळ्या असतात, आणि खांब गोल, चढायला सोपे. क्योटो परिसरातल्या मंदिरांत आणि इतरत्रही खांबांवर ओरखड्यांच्या समांतर रेघा दिसू लागल्या. जपानात ‘तानुकी’ नावाचा रॅकूनसारखाच दिसणारा स्थानिक प्राणी आहे, लोककथांतला लबाड आणि आवडता. पण त्याच्या पंजाचा ठसा चार बोटांचा उमटतो. या रेघा पाच होत्या. वर आढ्यात मलमूत्राचे ढीग साचले, छताच्या फळ्यांना डाग पडून त्या कुजू लागल्या. शेकडो वर्षे आगीपासून आणि भूकंपापासून जपलेल्या लाकडाला एका बालमालिकेचा उपद्रव झाला. २००५ साली परक्या जातींविषयीचा कायदा अमलात आला आणि रॅकून आणणे, पाळणे, सोडणे यांवर बंदी आली. तोवर तो जवळपास प्रत्येक प्रांतात पोचला होता.

व्हर्जिनियाच्या सीमेवर

हौस आणि फॅशन यांनी केलेले नुकसान छपरांचे होते. तिसऱ्या स्थलांतराने जिवाशी गाठ घातली.

रॅकूनमध्ये टिकून राहणारा रेबीजचा एक स्वतंत्र प्रकार आहे. १९४०च्या दशकाच्या अखेरीस तो फ्लोरिडात लक्षात आला आणि पुढची तीस वर्षे आग्नेयेकडच्या चार राज्यांत संथपणे सरकत राहिला. मग १९७७ साली तो एकदम शेकडो किलोमीटर उत्तरेला, व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या सीमेवर उगवला. रोगाने ही उडी स्वतः मारलेली नव्हती. त्या भागातल्या शिकारी मंडळांना शिकारीसाठी रॅकून कमी पडत होते, म्हणून दक्षिणेतून ते गाड्या भरून आणले जात आणि जंगलात सोडले जात. हे कायदेशीर होते. त्या खेपांतून विषाणू आला.

तिथून तो वर्षाला तीस-चाळीस किलोमीटरच्या गतीने पसरला. १९९०मध्ये न्यूयॉर्क राज्य, १९९९च्या जुलैत सेंट लॉरेन्स नदी ओलांडून पूर्व ऑन्टारिओ. प्रांताच्या सरकारने प्राणी पकडून लस टोचून सोडले, काही पट्ट्यांत मारलेही, आणि विमानातून लशीच्या वड्या टाकल्या. कोल्ह्यांच्या रेबीजसाठी १९८९पासून वापरात असलेली ही युक्ती होती. वडी हिरवट रंगाची, आत लशीची पुडी, बाहेर मार्शमॅलोच्या वासाचे गोड आवरण. काही वर्षांत ऑन्टारिओ या रोगातून मोकळा झाला.

दहा वर्षांनी, २०१५च्या डिसेंबरात, हॅमिल्टन शहरात प्राणिनियंत्रण खात्याच्या गाडीत दोन कुत्रे आणि एक आजारी रॅकून यांची झुंज झाली. रॅकून तपासला, तर रेबीज. विषाणूची जनुकीय ओळख जवळच्या सरहद्दीवरच्या साथीशी नव्हे, तर न्यूयॉर्क राज्याच्या आग्नेय भागातल्या विषाणूशी जुळली. कुठल्याशा मालवाहू गाडीत बसून प्राणी इतक्या लांब आला असावा, हा त्याचा संभाव्य अर्थ. पुन्हा चाके, पुन्हा अंतर. हवाई लसीकरण पुन्हा सुरू करावे लागले.

एक किलोमीटर

हे सगळे ध्यानात घेतले की ऑन्टारिओच्या कायद्यातली एक विचित्र वाटणारी अट समजते. १९९७च्या मासे आणि वन्यजीव संवर्धन कायद्याखालच्या नियमांनुसार मालमत्तेला उपद्रव देणारा प्राणी घरमालकाला पकडता येतो. पण जिवंत पकडलेला प्राणी २४ तासांच्या आत आणि पकडल्या जागेपासून एक किलोमीटरच्या आत सोडावा लागतो.

माझ्या घराच्या पोटमाळ्यावर एका वसंतात बिऱ्हाड आले तेव्हा मला ही अट कळली. रात्री दोनच्या सुमारास वर काहीतरी जड फिरे आणि पहाटे चिवचिवाटासारखा बारीक आवाज येई. बोलावलेल्या पहिल्या कंत्राटदाराने मादीला पकडून ‘शहराबाहेर, छान जंगलात’ सोडायचा भाव सांगितला. शेजारच्या वृद्ध बाईंनी कुंपणापलीकडून विचारले, “आणि पिल्लांचं काय?” मी त्याला नकार दिला आणि त्या आठवड्यात कायदा काढून वाचला. हा लेख त्या वाचनाची लांबलेली शेपटी आहे.

एक किलोमीटर म्हणजे रॅकूनला काय? यॉर्क विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ सुझन मॅकडोनल्ड यांनी टोरांटोतल्या रॅकूनांना जीपीएसचे पट्टे बांधले. त्यांचा वावर काही गल्ल्यांपुरताच निघाला. मोठे रस्ते ते सहसा ओलांडत नाहीत. म्हणजे एक किलोमीटर हेही काहींना परमुलुख. त्याआधी, १९८०च्या दशकात, रिक रोझॅट आणि चार्ल्स मॅकइनेस यांनी शहरातले रॅकून खेड्यांच्या भागात सोडून रेडिओने त्यांचा माग काढला होता. नव्या जागी ते रुजले नाहीत, दूरवर भटकत गेले. ‘छान जंगल’ ही माणसाची कल्पना. रॅकूनला तिथे ना ढोल्या ठाऊक, ना पाणवठे, आणि ज्या ढोल्या आहेत त्या आधीच कुणाच्या तरी ताब्यात.

म्हणून गेल्या काही दशकांत या शहरात घर रिकामे करण्याची वेगळी रीत रुजली. जाणकार आधी शिरण्याची जागा शोधतो. ती बहुधा खालचे छप्पर जिथे वरच्या वळचणीला भिडते तिथे असते, नाहीतर हवेच्या प्लास्टिकच्या झरोक्यात. मग तो पोटमाळ्यावर जाऊन ग्लासवूलमध्ये पुरलेली पिल्ले हातमोजे घालून उचलतो आणि छपरावरच एका उबदार खोक्यात ठेवतो. शिरण्याच्या भोकावर एकतर्फी झडप बसवतो, जिच्यातून बाहेर पडता येते पण आत येता येत नाही. अंधार पडल्यावर आई बाहेर येते, पिल्लांचा माग लागतो, आणि एकेकाला मानेला धरून ती आपल्या दुसऱ्या ठिकाणावर हलवते. प्रत्येक मादीच्या माहितीत अशी पर्यायी ठिकाणे असतात. सगळे हलले की झडप काढून तिथे पोलादी जाळी ठोकतात. पिल्ले आत ठेवून आईला बाहेर कोंडले तर ती शिंगल्स, फळ्या, पत्रा जे समोर येईल ते फाडून परत शिरते, आणि दुरुस्तीचा खर्च मूळ खर्चाच्या कितीतरी पट होतो.

यात भाबडेपणा नको. रॅकून ठरावीक जागीच मलविसर्जन करतो, आणि त्या विष्ठेत बेलिसास्कारिस नावाच्या जंताची अंडी असू शकतात. ती माणसाच्या पोटात गेली तर अळ्या मेंदूपर्यंत पोचू शकतात. लहान मुलांना धोका अधिक. भिजलेला, घाण झालेला ग्लासवूल मुखवटा लावून उपसावा लागतो. सहजीवन हा शब्द व्यासपीठावर गोड वाटतो. माळ्यावर तो फावड्याने भरावा लागतो.

शहराची वृत्तीही दुभंगलेली आहे. २०१५च्या जुलैत यंग रस्त्यावर एक रॅकून मरून पडला आणि पालिकेची गाडी दिवसभर आली नाही. लोकांनी त्याभोवती फुले, मेणबत्त्या आणि तसबीर ठेवली, त्याचे नाव कॉनराड ठेवले. पुढच्याच वर्षी त्याच शहराने ओल्या कचऱ्यासाठी, रॅकूनला उघडता येणार नाही असे डबे वाटायला काढले. खर्च सुमारे ३ कोटी १० लाख डॉलर. डब्याचे फिरते कुलूप आधी पिंजऱ्यातल्या रॅकूनांना देऊन तपासले होते. दोन वर्षांनी एका वार्ताहर बाईने आपल्याच घरामागे कॅमेरा लावला, तर एक मादी डबा आडवा पाडून कुलूप फिरवताना दिसली. डेव्हिस यांच्या तेरा पेट्यांचा प्रयोग शंभरावर वर्षांनी संपूर्ण शहराच्या खर्चाने पुन्हा झाला.

जुन्नरचा धडा

हा प्रश्न मराठी वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे कोकणातल्या माळ्यांवर आणि पुण्याच्या जुन्या वाड्यांच्या आढ्यांत उदमांजर राहते. कांडेचोर म्हणून शिव्या खाते आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथेच विते. त्याला कुणी गाडीत घालून लांब नेल्याचे सहसा ऐकू येत नाही. पण बिबट्याच्या बाबतीत आपण नेमके तेच केले. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर भागात उसाच्या शेतांत राहणारे बिबटे २००१नंतर मोठ्या संख्येने पकडून जंगलांत सोडण्यात आले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्या काळाचा हिशेब मांडला तेव्हा दिसले की माणसांवरचे हल्ले आधी वर्षाला सरासरी ४ होते, ते पकडून सोडण्याच्या काळात १७वर गेले. जिथे बिबटे सोडले त्या जंगलांजवळच्या गावांतही हल्ले सुरू झाले. पकडण्याचा ताण, अनोळखी मुलूख, परत फिरण्याची धडपड, अशी कारणे अभ्यासकांनी दिली. ऊस तिथेच होता, गावातली कुत्री-डुकरे तिथेच होती. रिकाम्या झालेल्या जागी नवा बिबट्या येणारच होता.

रॅकूनचा पोटमाळा आणि बिबट्याचा ऊस यांत प्राण्याचा, धोक्याचा आणि दुःखाचा फरक फार मोठा आहे. जुन्नरच्या आईबापांचे दुःख छपराच्या डागाशी तोलता येणार नाही. तरी दोन्हीकडच्या उपायाचा तर्क एकच होता: त्रास प्राण्यात आहे, म्हणून प्राणी हलवला की त्रास हलतो. एडरझेचा वनाधिकारी, रास्कलवर जीव टाकणारी जपानी मुले, व्हर्जिनियाचे शिकारी, यांच्यापैकी कुणाचाही हेतू वाईट नव्हता. सोडताना प्रत्येकाला आपण काहीतरी देतो आहोत असेच वाटले होते. जिथे सोडले तिथे कोण राहते, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही.

ऑन्टारिओची एक किलोमीटरची अट त्या न विचारलेल्या प्रश्नाचे उशिरा आलेले उत्तर आहे. ती घरमालकाला त्याचा त्रास दुसऱ्याच्या गावात ओतू देत नाही. भोक बुजवायचे, जाळी ठोकायची, कचरा झाकायचा, धुराड्यावर टोपी बसवायची, ही कामे त्याच्याच पदरात राहतात. त्यासाठी शिडी लागते, चार खिळे लागतात, आणि पिल्ले हलवून होईपर्यंत दोन-तीन रात्री वरचा आवाज ऐकत पडून राहण्याची तयारी लागते.